लाल टाक्यांची बंडी

थोरल्या बाई आजारी आहेत हे मंडळाला वेळेत कळलं असतं, तर टाचणीच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून ठेवू. एक भूमिका. तिचे एकशे चौदा संवाद, जे तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते. एक जाड राखाडी कोट, स्वतःच्या अंगावर चढवायला. आजवर तिनं कोट चढवले ते दुसऱ्यांच्या अंगावर. हंगामाच्या पत्रकात पहिल्या पानावर नाव, तेही ठळक अक्षरात. आणि चहाच्या सुट्टीत कुणीतरी खुर्ची पुढे सरकवून 'बसा ना' म्हणणं. चौदा वर्षं ती चहा उभ्यानंच प्यायली होती, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी उसवलेली बाही.

आणि गप्प राहिली तर? तर काहीच नाही, असं तिला वाटलं. हिशोब चुकला तो इथं.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, पण मंडळात खरं नाव ठाऊक असणारी माणसं आता दोन-तीनच उरली होती. अंगानं काडी, बोलायला टोकदार, आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे टोकदार बोलणंही बहुतेक वेळा पोटातच राहायचं. दिवसभर ती एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची. संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मंडळाच्या तालमी चालत, आणि तिथल्या जिन्याखालच्या खोलीत टाचणीचं राज्य होतं: पाच पत्र्याच्या ट्रंका, एक शिवणयंत्र, एक उंच आरसा आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही.

वही साधीच होती, पण मंडळातली खरी बातमी आधी तिथं लागायची. दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची मापं घेतली जात. कुणाला दिवस गेलेत हे टाचणीला सासूच्या आधी कळे. कुणी पुन्हा प्यायला लागलाय, कुणाचं घरी बिनसलंय आणि तो बाहेर खातोय, कुणी लग्न ठरल्यावर पोट कमी करतोय, सगळं टेप सांगायची. टाचणी आकडा लिहायची आणि तोंड मिटून घ्यायची. "तुझ्या पोटात किती माणसांची पोटं आहेत गं!" असं थोरल्या बाई म्हणायच्या.

मंडळाचं पत्रक वर्षातून एकदा निघे. पुढच्या पानावर येणाऱ्या हंगामातली नाटकं आणि कोण काय करणार ते. मागच्या पानावर सभासदांच्या वार्ता, म्हणजे बारसं, बदली, बढती, निधन. वाचायला सगळे मागून सुरुवात करत. पत्रक लिहायचे चिटणीस, आणि नाटक बसवायचेही तेच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पोटापाण्यासाठी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गावातल्या अर्ध्या डोळ्यांचे नंबर त्यांना पाठ. समोरचं माणूस मात्र त्यांना मोठं करून दाखवावं लागे.

मंडळाचा एकच नियम कडक होता. पत्रकात छापलेलं नाव बदलायचं नाही. फार पूर्वी एका भूमिकेवरून दोन जावांचं भांडण झालं होतं. पत्रक निघाल्यावर धाकटीचं नाव खोडून थोरलीचं घातलं, आणि मंडळ दोन वर्षं दोन ठिकाणी चहा पीत राहिलं. तेव्हापासून ठरलं: छापलेल्या माणसाला जमलं नाही तर प्रयोग रद्द. बदली माणूस नाही.

त्या वर्षीचं नाटक होतं 'नाका बंद आहे'. सरहद्दीवरच्या नाक्यावर चाळीस वर्षं कागदांवर शिक्के मारणारी एक अधिकारीण. तिच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी कागद नसलेला स्वतःचा जावई समोर येऊन उभा राहतो. अख्खं नाटक त्या एका बाईच्या खांद्यावर. थोरल्या बाई सोडून दुसरं नाव कुणाच्या तोंडी येणं शक्यच नव्हतं. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली ती बाई. हळू बोलली तरी शेवटच्या रांगेतला माणूस खाकरायचा थांबे. पण बाईंनीच मागल्या हंगामात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "मी उठले की माझ्या खुर्चीत टाचणीला बसवा. तालमीत माझं वाक्य अडलं की तिचे ओठ हलतात, मी बघते ना." सगळे हसले होते. चिटणीसांनी मात्र तेव्हा मान डोलावली होती, आणि टाचणीनं ती मान मनात जपून ठेवली होती.

माप घ्यायला बाई सगळ्यांत शेवटी आल्या. दार लावून घेतलं, साडीवरचा स्वेटर काढला आणि हात बाजूला केले. टाचणीनं टेप पाठीमागून पुढे आणली, दोन टोकं जुळवली, आणि पुन्हा सोडून पुन्हा धरली.

"चौतीस," ती म्हणाली. तोंडातल्या टाचण्या तिनं काढून हातात घेतल्या. "गेल्या साली एकोणचाळीस होतं, बाई."

"टेप आटली असेल तुझी."

"टेप आटत नाही."

"मग मी आटले." बाई स्टुलावर बसल्या. "कुणाला बोलायचं नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले मी. ते म्हणतात, लगेच दाखल व्हा, मग बघू. पस्तीस वर्षं लोकांना 'थांबा, बघते' म्हणत लाइनीवर टांगून ठेवलंय मी. 'मग बघू'चा अर्थ मला नको शिकवायला."

"पण उपचार..."

"उपचार केले तर कदाचित वर्ष-दोन वर्षं. कदाचित. तेही खाटेवर. आणि नाही केले तर हा हंगाम. मी हंगाम घेतलाय."

"लेकीला सांगितलंत?"

बाईंची लेक दुसऱ्या गावी टपाल कचेरीत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, अकराच्या ठोक्याला.

"तिला सांगितलं की ती त्याच दिवशी गाडीत बसेल आणि मला उचलून नेईल. तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय." बाईंनी स्वेटर डोक्यातून घातला आणि आतूनच बोलल्या, "वहीत एकोणचाळीस लिही."

"बाई, ते मला नका सांगू."

"का? आकडाच तर आहे. वही चिटणीस चाळतो, बाकीचे चाळतात. चौतीस दिसलं की बोंब होईल." डोकं बाहेर आलं. केस विस्कटले होते आणि डोळे सरळ टाचणीवर होते. "की तुला चौतीसच लिहायचंय, टाचणे?"

त्या प्रश्नात सगळं होतं. खुर्ची, कोट, एकशे चौदा संवाद. बाईंनी ते हसत विचारलं की कठोरपणे, हे टाचणीला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. त्या क्षणी तिला एवढंच कळलं की खरा आकडा लिहिला तर तो खरा असूनही कुणाला खरा वाटणार नाही. ती वहीशी गेली आणि तिनं लिहिलं: छाती एकोणचाळीस. अक्षर नेहमीपेक्षा नीट काढलं.

घरी नवऱ्याला तिनं सांगितलं. त्याला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर बंद खोक्यांतून लोकांना बाहेर काढत असल्यामुळे घरी आल्यावर कुणाच्याही भानगडीत शिरत नसे. त्या दिवशी मात्र त्यानं पेपर खाली ठेवला.

"सांगून टाक की."

"सांगितलं तर काय म्हणतील? टपूनच बसली होती म्हणतील. बाईचा दम कधी संपतो याची वाट बघत होती, टेप घेऊन."

"म्हणू देत."

"तुला काय जातंय म्हणू देत म्हणायला!"

"मला काही जात नाही," तो म्हणाला. "मी आपला विचारतोय, तू बाईंसाठी गप्प बसत्येस, का स्वतःच्या नावासाठी?"

"तू पेपर वाच," टाचणी म्हणाली.

आठवड्याभरात पत्रक छापून आलं. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात: अधिकारीण – थोरल्या बाई. आता टाचणीनं तोंड उघडलं असतं तरी भूमिका तिला मिळणार नव्हती. नाटकच गेलं असतं. म्हणजे आता सांगण्यात तिचा कसलाही स्वार्थ उरला नव्हता. आता तरी ती सांगू शकत होती. पण 'आधी का नाही सांगितलंस' हा प्रश्न दर दिवसाला मोठा होत चालला होता.

कोट ती स्वतः कापणार होती, गुपचूप, चौतीसाच्या मापानं. पण ते कापड जाड होतं, तिच्या यंत्राची सुई दोनदा मोडली. ती नवी सुई आणायला गेली, तेवढ्यात चिटणीसांना तत्परतेचा झटका आला. कापड आणि वहीचं पान घेऊन ते थेट बाजारातल्या कोटवाल्या मास्टरकडे गेले. तीन आठवड्यांनी मास्टरनं कोट पाठवला. दोन रांगा बटणं, ताठ कॉलर, शिवण अशी की बघत राहावं. आणि छाती एकोणचाळीस.

जिन्याखालच्या खोलीत बाईंनी तो घातला, आणि आरशात कोट उभा राहिला. बाई त्यात कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. टाचणीनं पाठीमागे मूठभर कापड धरून पाहिलं. पाच इंच आत घ्यायचं तर खिसे पाठीवर जाणार, बटणांची रांग काखेत.

"लहान करते कसातरी," ती म्हणाली. "रात्रंदिवस बसते."

"आणि वर नेलास की चिटणीस विचारेल, माप बरोबर होतं तर कापला का?" बाईंनी आरशात बघत कॉलर सरळ केली. मग म्हणाल्या, "कोट राहू दे. मला मोठी कर."

चौदा वर्षांत टाचणीनं माणसाच्या मापानं कपडे शिवले होते. आता कपड्याच्या मापानं माणूस शिवायचं काम आलं. तिनं मांजरपाटाची एक बंडी कापली, बिनबाह्यांची, आत कापूस भरला, आडव्या-उभ्या शिवणी घातल्या. खांद्याला थोडा जास्त, पाठीला पातळ, कडेला उतरता, जिवंत अंग असतं तसा. बाईंनी ती घातली, वर गणवेशाचा शर्ट, वर कोट. आरशात गेल्या सालच्या थोरल्या बाई उभ्या होत्या.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "ही कुठं होती इतके दिवस?"

कपड्यात फेरफार केला की आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, ही टाचणीची लाँड्रीतली सवय. गिऱ्हाईक परत आलं की किती वेळा हात लागलाय ते कळावं म्हणून. बंडीच्या आतल्या कडेला तिनं सवयीनं एक लाल टाका घातला.

पंधरा दिवसांनी बंडी सैल झाली. टाचणीनं अस्तर उसवून एक थर वाढवला आणि दुसरा टाका घातला. पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरा. बाई जेवढ्या कमी होत, तेवढा कापूस वाढे. वही आपली एकोणचाळीसवर ठाम. वरच्या मजल्यावर लोक म्हणत, "बाईंची तब्येत काय ठणठणीत आहे या वयात!" चिटणीस म्हणाले, "थोडं वजन कमी केलंत तर चालेल हो." बाई जिन्याखाली येऊन इतक्या हसल्या की खोकल्याची ढास लागली. टाचणीनं पाणी दिलं. तिला हसू आलं नाही.

पाचवा थर घालताना तिनं एकदाच म्हणून पाहिलं, "बाई, लेकीला मी फोन करू?"

"करशील तर माझा आणि तुझा संबंध संपला."

"तिला कळेलच ना शेवटी."

"शेवटी. तेव्हा मी उत्तर द्यायला नसेन. सोय आहे ती एक." मग हलक्या आवाजात, "रविवारी फोन येतो ना, तेव्हा मी उभी राहून बोलते. बसून बोललं की आवाजात कळतं."

महिन्याला एक असे चार प्रयोग ठरले होते. पहिला चांगला झाला. दुसरा असा झाला की पडदा पडल्यावर लोक दोन-चार क्षण टाळ्याच विसरले. टाचणी विंगेत उभी होती, तिचे ओठ हलत होते. एकशे चौदांपैकी एकही वाक्य बाईंनी तिच्यासाठी सोडलं नाही.

तिसऱ्या प्रयोगाच्या आधी सातवा टाका पडला. त्या दिवशी शेवटच्या प्रवेशात, जावयाच्या कागदावर शिक्का मारून झाल्यावर, अधिकारीण कोट काढून खुंटीला टांगते आणि जाते. बाईंनी पहिल्या बटणाला हात घातला. बोटं बटणावर फिरली, घसरली, पुन्हा फिरली. बटण निघेना. विंगेत टाचणीचे हात आपोआप पुढे झाले, हवेतच बटण काढू लागले. बाईंनी हात खाली घेतला. खुंटीकडे एकदा पाहिलं. आणि कोट अंगावर ठेवूनच, सावकाश, चालत बाहेर गेल्या. सभागृह उभं राहिलं. चिटणीसांचे डोळे पाणावले; पुढे कितीतरी दिवस ते लोकांना सांगत होते की कोट न काढण्याची सूचना त्यांचीच होती.

दहा दिवसांनी शेजारणीनं बाईंना हॉस्पिटलात पोचवलं. लेक त्याच दिवशी गाडीत बसून आली, बाई म्हणाल्या होत्या तशीच. तीन आठवडे ती खाटेशेजारच्या स्टुलावर होती. टाचणी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा लेकीनं उठून तिला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. त्या स्टुलावर टाचणीला बसवेना. बाई गेल्या तेव्हा चौथा प्रयोग नियमाप्रमाणे रद्द झाला होता.

पुढच्या हंगामाचं पत्रक लिहायची वेळ आली. चिटणीस कच्चा कागद घेऊन स्वतः जिन्याखाली उतरले, जे त्यांनी चौदा वर्षांत केलं नव्हतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: बाईंच्या स्मरणार्थ 'नाका बंद आहे'चे चार प्रयोग. अधिकारीण – आणि पुढे टाचणीचं खरं नाव, पूर्ण, ठळक अक्षरात. तिला ते आधी ओळखूच आलं नाही. मागच्या पानावर: 'आमच्या ज्येष्ठ सभासद थोरल्या बाई यांचं अल्पशा आजारानं निधन झालं.'

"बाईंची इच्छाच होती," चिटणीस म्हणाले. "बसा ना, उभ्या का?"

टाचणीनं कागद वाचून परत दिला. चांगलं आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंची लेक आली. चिटणीसांनी मागच्या पानाची नक्कल तिच्याकडे आधीच पाठवली होती, काही चूक असेल तर बघा म्हणून. ती नक्कल एका हातात, आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. दारातच तिनं विचारलं,

"मावशी, अल्पशा म्हणजे किती?"

टाचणी यंत्रावरून उठली.

"मी टपालात आहे," लेक म्हणाली. "आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तारीख असते. आईचे रिपोर्ट सापडले, पण त्यांच्यावरच्या तारखा तिनं फाडून टाकल्यात. नीट, पट्टी धरून. एवढं कोण करतं?" तिनं पिशवीतून बंडी काढून यंत्रावर ठेवली. "हॉस्पिटलवाल्यांनी तिच्या कपड्यांत दिली. आधी मला कळलंच नाही हे काय आहे. मग घालून पाहिली. आतून हे लाल टाके आहेत. सात. तुमच्या हातचे ना?"

"हो."

"कसले?"

खोटं बोलणं सोपं होतं. शिवणीच्या खुणा, असं म्हटलं असतं तर टपाल कचेरीतल्या बाईला काय कळणार होतं! टाचणीनं बंडी हातात घेतली, अस्तर उलटं केलं.

"दर पंधरा दिवसांनी एक थर वाढवायचे मी. एका थराला एक टाका."

लेकीनं बोटानं मोजलं. मोजायला काही नव्हतं, सातच होते, तरी प्रत्येकावर बोट ठेवलं. "सात पंधरवडे. साडेतीन महिने. आणि हॉस्पिटलातला एक. साडेचार महिने तुम्हाला ठाऊक होतं."

तिथं थांबता आलं असतं. समोरचीनं स्वतःच बेरीज करून आकडा दिला होता, आणि तो खऱ्यापेक्षा कमी होता. टाचणीनं खिळ्यावरची वही काढली, गेल्या हंगामाचं पान उघडून लेकीसमोर धरलं.

"याच्या आधीचा दीड महिना बंडीवर नाही, इथं आहे. त्या दिवशी माप चौतीस भरलं होतं. मी एकोणचाळीस लिहिलं. त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पण हात माझा होता. सहा महिने धरा."

वर तालमीच्या खोलीत कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"हॉस्पिटलातले तीन आठवडे सोडले तर सहा महिन्यांत तेवीस रविवार येतात," लेक म्हणाली. "तेवीस वेळा मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणायची, 'नाटकाच्या गडबडीत आहे गं, नंतर बोलू.'"

"उभ्या राहून बोलायच्या त्या. बसलं की आवाजात कळतं म्हणून."

हे सांगायला नको होतं, की हेच सांगायला हवं होतं? लेक एकदम खाली बसली, ट्रंकेवर.

"मी तिला ओढून नेलं असतं म्हणून नाही सांगितलंत का?"

"त्या म्हणायच्या तसं. मी..." टाचणीला शब्द जुळवावे लागत होते, पाठ केलेले संवाद वेगळे. "मी सांगितलं असतं तर भूमिका मला मिळाली असती. लोक म्हणाले असते, टपून बसली होती. ते मला नको होतं."

"म्हणजे चांगलं म्हणवून घ्यायला गप्प बसलात."

"हो."

"ती वाचली असती असं मी म्हणत नाही, मावशी. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय. नेलंही नसतं कदाचित. तिच्यापुढं माझं कधी चाललं होतं? पण मी आले असते. बिनपगारी रजा काढून आले असते. पहिल्या रांगेत बसून तिन्ही प्रयोग पाहिले असते. मी तिचा एकही प्रयोग पाहिला नाही. मला वाटलं, नाटकं काय, दर वर्षी असतातच." तिनं बंडी उचलली, घडी घातली, पिशवीत ठेवली. "ही मी नेते. हिला अजून तिच्या पावडरीचा वास आहे."

"न्या."

दाराशी जाऊन लेक वळली. टाचणीला वाटलं आता शिवी येईल, आणि ती आली असती तर बरंही वाटलं असतं. "'अल्पशा' तेवढं काढायला सांगा," लेक म्हणाली, आणि गेली.

टाचणी त्याच पावली चष्म्याच्या दुकानात गेली. चिटणीस कुणाच्या तरी डोळ्यात विजेरी मारत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती काचेच्या कपाटाशी उभी राहिली, मग तिनं सगळं सांगितलं: चौतीस, एकोणचाळीस, बंडी, सात टाके. चिटणीसांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला.

"आणि मी त्यांना वजन कमी करा म्हणालो," ते म्हणाले.

"मागच्या पानावर लिहा," टाचणी म्हणाली. "'सहा महिन्यांच्या आजारानं. हा आजार मंडळात फक्त वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंना ठाऊक होता आणि त्यांनी तो लपवला.'"

"असं छापतात का कुठं! अहो, पुढच्या पानावर तुमचंच नाव आहे. लोक मागून वाचतात, तुम्हाला माहितीये. पान उलटलं की काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"मग नाव तरी काढू? नाटक दुसरं घेऊ?"

इथं टाचणीनं 'हो' म्हटलं असतं तर ती आपल्यालाही आवडली असती, आणि लोकांनाही. तिला ते पक्कं ठाऊक होतं. लोकांना आवडण्याची हौस तिची एकदा फिटली होती.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "भूमिका मला हवी आहे. चौदा वर्षांपासून हवी आहे."

पत्रक तसंच छापलं गेलं. लोकांनी मागून वाचलं, पान उलटलं, आणि म्हणायचं ते म्हणाले. एक-दोघींनी तर आपली मापं घरूनच लिहून पाठवली. टाचणीनं वहीत एकोणचाळीसवर रेघ मारली, शेजारी चौतीस लिहिलं, खाली त्या दिवसाची तारीख टाकली. मग नव्या पानावर, नवऱ्याच्या हातात टेप देऊन, पहिल्यांदा स्वतःचं माप लिहिलं: छाती बत्तीस. कोट सात इंच मोठा होत होता. दुसरी बंडी शिवायला तिला एक दुपार पुरली असती. तिनं कोट उसवला आणि कापला. खिसे मागे गेले, बटणांची एक रांग गेली, आणि तो कोट कुणाच्याही नजरेला बेतलेला वाटेना. तसाच घालून ती रंगमंचावर उभी राहिली. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तिनं चारही प्रयोगांना बाईंच्या लेकीसाठी राखली होती आणि टपालानं तसं कळवलं होतं. चारही वेळा ती रिकामी राहिली.

तर, कुणाला काय मिळालं ते मांडायचं झालं तर: थोरल्या बाईंनी हंगाम मागितला होता, त्यांना पाऊण हंगाम मिळाला, आणि त्यासाठी जे द्यायचं ते त्यांनी पूर्ण शुद्धीत दिलं. चिटणीसांना एक गाजलेला शेवट मिळाला, फुकट. टाचणीला भूमिका मिळाली, एकशे चौदा संवाद, कोट, ठळक नाव, आणि चहाच्या वेळी खुर्चीसुद्धा. शेजारच्या खुर्च्या तेवढ्या जरा लांब सरकल्या. तिनं स्वतःचं चांगलं नाव दिलं, उशिरा.

राहिली लेक. तिनं काही मागितलं नव्हतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं. तेवीस रविवार आणि तीन प्रयोग तिच्या वाट्याचे गेले, आणि हाती आली ती कापसाची एक बंडी, आतून सात लाल टाके घातलेली.